'हाय, हाऊ आर यू' भित्तिचित्र, ऑस्टिन

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, युनिव्हर्सिटीला लागून जाणाऱ्या ग्वाडलूप स्ट्रीटवर २१व्या रस्त्याच्या कोपऱ्याला एका दुकानाच्या भिंतीवर काढलेलं हे चित्र. पांढऱ्या रंगावर काळ्या जाड रेघांत एक बेडूक, डोळे गोगलगायीसारखे दांड्यांवर वर आलेले, आणि डोक्यावर लिहिलंय 'हाय, हाऊ आर यू'. बेडकाचं नाव जेरेमाया द इनोसंट. काढणारा डॅनियल जॉन्स्टन (१९६१-२०१९), गायक, गीतकार आणि चित्रकार, ज्याचा मोठ्या रेकॉर्ड कंपनीने काढलेला एकुलता एक अल्बम सहा हजार कॉपीसुद्धा खपला नाही, आणि तरी त्याच्या बेडकाची भिंत पाडायची वेळ आली तेव्हा लोक मध्ये उभे राहिले.

बेडूक भिंतीवर यायच्या दहा वर्षं आधी कॅसेटवर आला होता. डॅनियलचा जन्म सॅक्रामेंटोचा, पण वाढला वेस्ट व्हर्जिनियात, पाच भावंडांत शेंडेफळ, घर एकदम धार्मिक, आणि हा बीटल्सचा वेडा. कॉलेजात एक मुलगी आवडली, तिने लग्न केलं ते अंत्यसंस्काराचा धंदा असलेल्या माणसाशी, आणि हा पुढे आयुष्यभर तिच्यावर गाणी लिहीत राहिला. रेकॉर्डिंग काय, तर एक स्वस्तातला सॅन्योचा मोनो टेपरेकॉर्डर. सुरुवातीला टेपवरून टेप उतरवायची सोयच नव्हती त्याच्याकडे, म्हणून कुणी कॅसेट मागितली की हा बसून सगळी गाणी पहिल्यापासून परत गायचा आणि ती नवी कॅसेट त्या माणसाला द्यायचा. म्हणजे त्या काळात ज्यांना त्याच्याकडनं कॅसेट मिळाली त्यांच्यातल्या कित्येकांकडे जगात दुसरी नाही अशी कॅसेट आहे.

१९८३ ला निघालेली 'हाय, हाऊ आर यू' ही कॅसेट हेडफोन लावून ऐकली की टेपची सरसर आधी कानात येते, मग खेळण्यातल्या छोट्या ऑर्गनची बटणं दाबल्याचा टकटक आवाज, आणि त्यावर त्याचा तो बारीक, चिरकणारा, पोरासारखा आवाज. पहिल्यांदा ऐकणारे बरेच जण इथेच बंद करतात. पण चाली ऐका हो! चाल पक्की आहे, शब्द एकदम सरळ, कुठे लपवाछपवी नाही. नीट गाता न येणारा माणूस आणि गाणं नीट करता येणारा माणूस एकच असू शकतो हे त्याच्याइतकं स्पष्ट फार कमी जणांकडे ऐकायला मिळतं.

मधे एका फिरत्या जत्रेबरोबर कामाला लागून तो ऑस्टिनला पोचला, मॅकडोनाल्ड्समध्ये नोकरी धरली आणि ओळखी-अनोळखी सगळ्यांच्या हातात कॅसेटी द्यायला लागला. १९८५ ला एमटीव्हीवाले ऑस्टिनमधल्या बँडांवर कार्यक्रम करायला आले तर हा त्यातही शिरला, कॅमेऱ्यापुढे कॅसेट धरली आणि सांगून टाकलं की ही रेकॉर्ड करताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते खरंच होतं. पुढे बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया अशी निदानं झाली, हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९९० मध्ये ऑस्टिनचा कार्यक्रम करून वडिलांच्या छोट्या विमानातून घरी परत जाताना त्याने चावी काढून बाहेर फेकली. वडील दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक, त्यांनी विमान कसंबसं झाडांवर उतरवलं, दोघं थोडक्यात वाचले. हा किस्सा लोक रंगवून सांगतात, मला ते बरोबर वाटत नाही, त्यात एक आजारी मुलगा आणि एक म्हातारा बाप आहे, आणि गाणी त्या आजारामुळे चांगली झाली असंही नाही, उलट सगळ्यात आजारी काळात त्याच्या हातून काम फार कमी झालं.

१९९२ ला निर्वाणा या गाजलेल्या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेनने बेडकाचा टी-शर्ट घातला, एमटीव्हीच्या अवॉर्ड्सलासुद्धा घातला, आणि एकदम मोठ्या कंपन्या मागे लागल्या, तेव्हा हा होता मनोरुग्णालयात. इलेक्ट्रा कंपनी करार करायला तयार होती, पण मेटॅलिका हा हेवी मेटल बँड त्याच कंपनीत आणि ते सैतानाचे लोक अशी त्याला खात्री, म्हणून नाही म्हणाला, आणि त्याच्या कॅसेटी इमानाने लोकांपर्यंत पोचवणाऱ्या मॅनेजरलाही काढून टाकलं. शेवटी अटलांटिकने १९९४ ला 'फन' हा अल्बम काढला, तो पडला, १९९६ ला कंपनीने हात झटकले. काढून टाकलेला मॅनेजर मात्र नंतरही त्याच्या जुन्या कॅसेटी विकतच राहिला. मला या सगळ्या गोष्टीत कोबेनच्या टी-शर्टपेक्षा हा माणूस मोठा वाटतो.

भिंत रंगवली गेली ती याच धामधुमीत, १९९३ ला. तिथे तेव्हा साउंड एक्स्चेंज नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्यांनीच डॅनियलला चित्र काढायला सांगितलं. दुकान २००३ ला बंद पडलं, २००४ ला जागा एका मेक्सिकन रेस्टॉरंटने घेतली आणि त्यांना ती भिंत काढायची होती. आसपासच्या लोकांनी मॅनेजर आणि कॉन्ट्रॅक्टरना गाठून समजावलं आणि बेडूक वाचला. पुढे तिथे थाई रेस्टॉरंट आलं तर त्यांनी नावच ठेवलं 'थाय, हाऊ आर यू'.

त्याच २००४ मध्ये त्याच्या गाण्यांचा एक ट्रिब्यूट अल्बम निघाला ज्यात टॉम वेट्स, बेक, फ्लेमिंग लिप्स अशी नावाजलेली मंडळी गायली. २००५ ला त्याच्यावरच्या डॉक्युमेंटरीला सनडान्स फिल्म फेस्टिवलमध्ये दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, २००६ ला न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, त्याची चित्रं लागली, आणि हा राहत होता टेक्सासमधल्या वॉलर गावी, आईवडिलांजवळ. नंतरच्या कार्यक्रमांत हात थरथरायचे, मधेच थांबायचा, आणि समोरचे लोक सगळी गाणी तोंडपाठ म्हणायचे. २०१७ ला शेवटचा दौरा झाला, जागोजागचे बँड त्याच्यामागे वाजवायला उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये तो गेला, वय ५८, आणि लोकांनी फुलं आणून ठेवली ती बेडकाच्या भिंतीपाशी.

त्याचा वाढदिवस २२ जानेवारी. २०१८ पासून ऑस्टिनमध्ये तो 'हाय, हाऊ आर यू डे' म्हणून पाळतात, महापौरांनीच जाहीर केलाय, आणि त्याच नावाची संस्था मानसिक आरोग्यावर काम करते, लोकांनी एकमेकांना कसा आहेस हे विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं एवढंच त्यांचं म्हणणं.

ज्यांना टेपची सरसर अगदीच सहन होत नाही त्यांनी ऑस्टिनचीच गायिका कॅथी मॅकार्टीने १९९४ ला त्याच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केलाय तो आधी ऐकावा, तिथे चाली स्वच्छ कळतात. मग मूळ कॅसेटीकडे यावं, 'यिप जंप म्युझिक'पासून.