कामात मन कशानं रमतं?

दिवाळी सरली की करवीर, पन्हाळा, कागलकडच्या गावांतली गुऱ्हाळं पेटतात. चरकातून आलेला रस काहिलीत उकळू लागतो, चुना पडतो, भेंडीचा चीक पडतो, वर आलेली मळी काढली जाते. काकवीचा टप्पा मागं पडला की सगळ्यांचं लक्ष गूळ शिजवणाऱ्या गुळव्याकडं लागतं. पुढची काही मिनिटं त्याची. आदण, म्हणजे काहिलीतला एका खेपेचा पाक, लवकर उतरवलं तर गुळाचा रवा, म्हणजे ढेप, मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर गूळ करपतो, काळवंडतो आणि सौद्याला दर पडतो. थर्मामीटर लावला तर ही वेळ 118 अंश सेल्सिअसच्या आसपास येते. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत धरून गोळी वळते का बघतो आणि हाक देतो. काहील गूळ निवायच्या वाफ्यात रिकामी होते. गूळ निवत जातो तशी त्याची कणी आणि रंग दिसायला लागतो, आणि आपला अंदाज बरोबर होता की चुकला हे गुळव्याला तिथंच, त्याच दिवशी कळतं.

काम कष्टाचं आहे. धग, धूर, पहाटेची उठाठेव, आणि हंगाम संपला की दुसरं काहीतरी बघायचं. तरी चांगल्या गुळव्याशी बोलायला बसा, तो आदणाबद्दल तासभर बोलेल. त्याच जिल्ह्यात, शिरोळी किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातूचे भाग ओतणाऱ्या कारखान्यात, फेटलिंगला उभ्या असलेल्या पोराला त्याच्या कामाबद्दल विचारा. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, येतं, तो ग्राइंडरनं कडेचा जादा भाग उडवतो, क्रेटमध्ये टाकतो, पुढचं उचलतो. हा भाग कुठल्या गाडीत बसतो, क्रेट कुठं जातो, परवा परत आलेला माल आपल्या हातचा होता का, यातलं त्याला बहुधा काही माहीत नसतं. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना उद्याच्या शिफ्टच्या आठवणीनं त्याचा चेहरा उतरतो, आणि घरचे म्हणतात, पोराला कामाची आवडच नाही.

आवड माणसाच्या स्वभावात असते, असं आपण धरून चालतो. म्हणून ‘आवडीचं काम शोध’ हा सल्ला सगळीकडं दिला जातो. मला तो सल्ला अपुरा वाटतो. कामात मन रमणं यात माणसाच्या स्वभावाइतकाच, कित्येकदा जास्तच, वाटा कामाच्या रचनेचा असतो. आणि या रचनेचा अभ्यास पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी संशोधकांनी 1976 मध्ये एक मांडणी केली. काम मनाला भिडण्यासाठी त्यात काय असावं लागतं? वेगवेगळी कौशल्यं लागावीत, कामाचा पूर्ण तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून जावा, त्याचा दुसऱ्या कुणाला तरी उपयोग व्हावा, ते कसं करायचं यात आपला शब्द असावा, आणि काम झालं कसं हे कामातूनच कळावं. गुळव्याच्या कामात हे पाचही आहे. फेटलिंगच्या कामात यातलं काही नाहीच म्हटलं तरी चालेल. मग दोन माणसांच्या चेहऱ्यावरचा फरक स्वभावातून आला असं कसं म्हणायचं?

इथं पगाराचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. घरभाडं, पोरांची फी, सोसायटीचा हप्ता भागत नसेल तर कामातल्या आनंदाची भाषा ऐकवत नाही. पगार पुरेसा आणि वेळेवर हवा, ही पहिली अट. पण पगार मन रमवण्याचं काम करतो का, हे एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये तपासलं. सोमा नावाची ठोकळ्यांची कोडी असतात. विद्यार्थी ती आवडीनं सोडवत होते. काही जणांना मध्येच प्रत्येक कोड्यामागं एक डॉलर द्यायला सुरुवात केली आणि नंतर बंद केली. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात ते त्या कोड्यांना पूर्वीपेक्षा कमी हात लावू लागले. ज्यांना पैसे कधी दिलेच नव्हते, त्यांच्यात अशी घट झाली नाही. पुढं अशा 128 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘हे कर, मग एवढं मिळेल’ अशा अटीच्या बक्षिसानं मुळातली गोडी कमी होते, आणि मनापासून केलेल्या कौतुकानं मोठ्या माणसांत ती वाढते, असं त्यात दिसलं. काम मुळातच कंटाळवाणं असेल तर बक्षिसानं गोडी घटत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणजे इन्सेन्टिव्ह वाईट असा सरसकट निष्कर्ष काढायचं कारण नाही.

मेंदूच्या अभ्यासातून आणखी एक धागा मिळतो. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेत होते. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात संदेश सोडत. आधी दिवा लागतो आणि मग रस येतो हे माकडाला कळल्यावर पेशी दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या, रस आला तरी गप्प. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेमक्या वेळी त्यांचा नेहमीचा संदेशही थांबे. 1997 मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला, की या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक मोजतात. माकडाच्या रसावरून माणसाच्या पगारावर थेट उडी मारू नये. पण दर महिन्याच्या 7 तारखेला जमा होणाऱ्या पगारानं आनंद का होत नाही आणि तो 12 तारखेपर्यंत आला नाही तर जीव का टांगणीला लागतो, हे समजून घ्यायला याची मदत होते. गुळव्याचं प्रत्येक आदण थोडं अनिश्चित असतं. ऊस वेगळा, रान वेगळं, रस वेगळा. अंदाज आणि निकाल यांच्यात रोज थोडी फट राहते, आणि शिकणं त्या फटीत होतं.

आता मला या सगळ्या संशोधनात सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. डॅन एरिएली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक यांनी 2008 मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लेगोचे छोटे पुतळे जोडायला दिले. पहिल्या पुतळ्याला दोन डॉलर, दुसऱ्याला 11 सेंट कमी, तिसऱ्याला आणखी 11 सेंट कमी. नको वाटलं की थांबायचं. एका गटात जोडलेले पुतळे टेबलावर समोर मांडून ठेवले जात. दुसऱ्या गटात विद्यार्थी नवा पुतळा जोडत असताना, आधी जोडलेला त्याच्या डोळ्यांदेखत सुटा केला जाई आणि तेच तुकडे पुन्हा पुढं येत. काम तेच, दर तोच. पहिल्या गटानं सरासरी 10.6 पुतळे जोडले, दुसऱ्यानं 7.2.

याच शोधनिबंधातला दुसरा प्रयोग जास्त बोचणारा आहे. कागदावरच्या अक्षरांच्या गर्दीतून ठरावीक जोड्या शोधायच्या. काहींचा कागद प्रयोग घेणारा वरपासून खालपर्यंत बघे, ‘हं’ म्हणे आणि बाजूला ठेवी. काहींचा कागद न बघताच गठ्ठ्यावर टाकला जाई. काहींचा समोरच श्रेडरमध्ये घातला जाई. कागद फाडल्यावर माणसं लवकर काम सोडतात, हे अपेक्षितच होतं. पण न बघता गठ्ठ्यावर टाकलेल्यांनीही जवळजवळ तेवढ्याच लवकर काम सोडलं. केलेल्या कामाकडं नुसतं दुर्लक्ष करणं आणि ते डोळ्यांसमोर फाडणं, यात मनाला फारसा फरक वाटला नाही. आपल्या ऑफिसांतून रोज किती रिपोर्ट असे गठ्ठ्यावर पडतात, याचा विचार साहेब म्हणवणाऱ्या प्रत्येकानं करावा. उलट बाजूनं पाहिलं तर ‘हं’ एवढ्या उच्चाराला लागतो तरी किती वेळ?

दुसऱ्याला होणारा उपयोग नजरेसमोर आला की काय होतं, याचं मोजमाप ॲडम ग्रँट यांनी एका अमेरिकी विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये केलं. तिथली मुलं माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागत. नकार ऐकत बसण्याचं काम. त्यातल्या काहींची, या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभरानं त्या मुलांचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमा केलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांची अशी भेट झाली नाही, त्यांच्यात फरक पडला नाही.

फौंड्रीवाल्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. फेटलिंगच्या पोरांना एकदा मशीन शॉपमध्ये नेऊन आपलं कास्टिंग कुठं बसतं ते दाखवणं, शिफ्टचं रिजेक्शन किती आणि कशामुळं झालं ते दुसऱ्या दिवशी त्यांना सांगणं, ग्राइंडिंगच्या टेबलाची उंची बदलायची का हे त्यांनाच विचारणं, यातल्या कशालाच नवं मशीन लागत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हाताला तेल लावून शिकलेले मिस्त्री मोठे झाले. बिघडलेलं इंजिन पूर्ण खोलायचं, सुटा भाग स्वतः बनवायचा आणि इंजिन चालू झालेलं कानांनी ऐकायचं, असं ते काम होतं. कामाचे तुकडे पाडताना आपण त्यातलं नेमकं हेच ऐकणं काढून घेतलं.

मालकानं काहीच केलं नाही तर? एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून जे लिहिलं, ते इथं उपयोगी पडतं. कामाची यादी सगळ्यांची एकच. काहींना ते नुसतं पुसणं-झाडणं वाटे आणि ते कुणाशी बोलायचे टाळत. काही जण मात्र रुग्णाशी दोन शब्द बोलत, नर्सच्या गडबडीची वेळ पाहून आपलं काम पुढं-मागं करत, आणि स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकीच एक समजत. या संशोधकांनी 2001 मध्ये असं मांडलं, की माणसं आपल्या कामाच्या कडा स्वतःच थोड्या सरकवत असतात. आपल्याकडच्या दवाखान्यांतल्या मावशी आणि मामा यांना ओळखणाऱ्यांना हे नवीन नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या पेशंटला ‘काय नाही होत बाळा, सकाळी मी आहेच’ म्हणणाऱ्या मावशीच्या ड्यूटीच्या कागदावर हे वाक्य कुठंच लिहिलेलं नसतं.

एक कोडं मात्र अजून मला पुरतं सुटलेलं नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि ज्युडिथ लेफेव्र यांनी 1989 मध्ये 78 नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आठवडाभर पेजर दिले होते. दिवसातून अनेकदा तो वाजे आणि त्या क्षणी काय चाललंय, कसं वाटतंय ते लिहायचं. आव्हान आणि कौशल्य दोन्ही नेहमीपेक्षा वरच्या पातळीवर असण्याचे, म्हणजे तल्लीन होण्याजोगे क्षण कामावर 54 टक्के वेळा सापडले, फुरसतीत फक्त 18 टक्के. कारखान्यातल्या कामगारांतही कामावरचा आकडा 47 टक्के होता. तरीही ‘आत्ता दुसरं काही करावंसं वाटतंय का?’ या प्रश्नाला माणसं कामावर असतानाच जास्त वेळा ‘हो’ म्हणाली. म्हणजे तल्लीन होतात कामावर आणि ओढ मात्र सुट्टीची. संशोधकांचा तर्क असा, की काम म्हणजे लादलेली गोष्ट हा शिक्का मनावर इतका पक्का असतो, की प्रत्यक्ष अनुभव त्यापुढं फिका पडतो. मला यात थकव्याचाही हिशेब असावा असं वाटतं. आठवडाभर एखादी छोटी वही ठेवून, कुठल्या वेळी घड्याळाचा विसर पडला एवढंच टिपावं. आपल्या नोकरीतला कुठला भाग आपल्याला धरून ठेवतो हे आठवणीपेक्षा अशा नोंदींतून खरं कळतं.

लादलेपणाचा परिणाम मनापुरता राहत नाही. लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा 1985 पासून पाठपुरावा करणाऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, कामावर स्वतःचा ताबा कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त झाल्याचं मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं. ही सगळी पांढरपेशी, पक्क्या नोकरीची माणसं होती. वरच्या आणि खालच्या हुद्द्यांतला आजाराचा जो फरक होता, त्याचा मोठा भाग या एकाच गोष्टीशी जुळत होता.

आणि सोबतची माणसं. डोनाल्ड रॉय हे समाजशास्त्रज्ञ एका कारखान्यात स्वतः मशीनवर उभे राहिले आणि तो अनुभव त्यांनी लिहिला. प्लॅस्टिकच्या शीटवर डाय ठेवायची, हँडल मारायचं, तुकडा काढायचा, बारा-बारा तास. सुरुवातीला त्यांनी रंगांचा खेळ केला: हिरवे हजार झाले की तपकिरी घ्यायचे. त्यानं थोडंच भागलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की सोबतच्या कामगारांनी दिवसाचे टप्पे पाडलेत. एकाच्या डब्यातलं केळं दुसरा रोज ठरल्या वेळी पळवतो आणि ‘केळ्याची वेळ झाली!’ म्हणून ओरडतो. रोज तेच केळं, तीच तक्रार, तोच हशा. या थट्टेत सामील झाल्यावर रॉय यांचे बारा तास सरू लागले. पुढं एका वादावरून ती माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मशीन तेच होतं, पगारही तोच, पण रॉय यांचा दिवस पुन्हा सरेना आणि पाय दुखायला लागले. आपल्या एमआयडीसीत कंत्राटी पोरांना जमलेल्या लाइनवरून उचलून दुसरीकडं टाकताना माणशी किती नग निघाले ते मोजलं जातं; त्या जागी कोण कुणाशी बोलत होतं, कुणाचा डबा कोण खात होतं, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं.