फिकी दिसते म्हणून मादी?

सिक्लिड या टाकीत हौसेने पाळल्या जाणाऱ्या माशांची जोडी घेताना दुकानात एकच कसोटी लावली जाते: मोठा आणि भडक तो नर, लहान आणि फिकी ती मादी. सोलापुरातही हेच चालतं. मग महिनोन्महिने टाकीत एक अंडं पडत नाही आणि दोष पाण्याला, नाहीतर नशिबाला जातो. खरं कारण पुष्कळदा साधं असतं. दोन्ही मासे नरच असतात. त्यातला एक मादीसारखा का दिसतो, हे मात्र मुळीच साधं नाही, आणि मला ती जीवशास्त्रातली अतिशय देखणी गोष्ट वाटते.

सिक्लिड म्हटलं की काहीतरी परदेशी, महागडं डोळ्यांसमोर येतं. पण उजनीतून आपल्या बाजारात येणारी चिलापी याच कुळातली. तिच्यातली मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि हौशी लोक पाळतात ते मलावी सरोवराचे मासेही तसंच करतात.

आता मूळ मुद्दा. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या परिसरात अ‍ॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी नावाचा छोटा सिक्लिड राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले रसेल फर्नाल्ड यांनी अनेक वर्षं त्याचा अभ्यास केला. या जातीत थोडेच नर दादा असतात. त्यांच्याकडे स्वतःची जागा, झळझळीत निळा किंवा पिवळा रंग आणि डोळ्यापासून जबड्याकडे उतरणारा काळा पट्टा असतो. बाकीचे नर राखाडी, माद्यांसारखे, त्यांच्यातच मिसळून राहतात.

संशोधकांनी अंधारात दादाला टाकीतून काढून घेतलं. दिवे लागले, आणि त्याच्या खालोखालच्या नराला जागा रिकामी दिसली. काही मिनिटांत त्याचा रंग फुलला आणि काळा पट्टा उमटला. वीस मिनिटांच्या आसपास त्याच्या मेंदूत, हायपोथॅलॅमस या संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या केंद्राच्या पुढच्या भागात, ईजीआर-१ हे जनुक कामाला लागलेलं आढळलं. याच भागात जीएनआरएच हे संप्रेरक बनवणाऱ्या चेतापेशी असतात. हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला इशारा देतं, पीयूषिका एलएच आणि एफएसएच ही आणखी दोन संप्रेरकं रक्तात सोडते, त्यांच्या सांगण्यावरून वृषणं वाढतात आणि अँड्रोजेन ही नरपणाची संप्रेरकं तयार करतात. दादा नरात या चेतापेशींचं आकारमान दबलेल्या नराच्या जवळपास आठपट भरतं. आणि हे सगळं उलटही फिरतं. हरलेल्या दादाचा रंग लगेच उतरतो, चेतापेशी मात्र सावकाश, काही आठवड्यांत आक्रसतात. म्हणजे समोर कोण उभा आहे, एवढ्या नुसत्या जाणिवेने मेंदूतल्या पेशींचा आकार बदलतो! २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात तर हे नर दुसऱ्यांच्या मारामाऱ्या नुसत्या बघून कोण कोणाला भारी, हे ताडतात असं दिसलं.

तेव्हा रंग हुद्दा सांगतो, लिंग नाही. काही जातींत तर सगळं उलटं असतं: कॉन्व्हिक्ट सिक्लिडच्या मादीच्या पोटावर नारिंगी छटा असते, क्रिबेन्सिसच्या मादीचं पोट चेरीसारखं लाल होतं, आणि दोन्हींत नरांचं पोट त्या मानाने साधं दिसतं. गुदपरावरचे, म्हणजे शेपटीच्या अलीकडे पोटाखाली असलेल्या परावरचे, अंड्यांसारखे ठिपकेही पुरावा नाहीत, कारण बऱ्याच मलावी माद्यांवरही ते असतात.

भरवशाचा मार्ग पोटाखाली आहे. वयात आलेला मासा ओल्या हातात क्षणभर उलटा धरा. पुढचं छिद्र गुदद्वार, मागचं जननछिद्र. दोन्ही साधारण सारखी आणि बारीक असली तर नर, मागचं स्पष्टपणे मोठं आणि गोलसर असलं तर मादी. अगदी लहान पिल्लांत हे कळत नाही, म्हणून जोडीच्या हट्टाऐवजी सहा-आठ पिल्लं घेऊन वाढवावीत.

फ्लॉवरहॉर्न या सिक्लिडच्या डोक्यावरचा उंचवटा म्हणजे भाग्य, अंगावरच्या खुणा म्हणजे लॉटरीचे आकडे, असं सांगून हजारो रुपये घेतले जातात. हा मासा १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केला गेला. त्यातले बरेच नर प्रजननक्षमही नसतात. भाग्य दूरच. शिवाय खाद्यातून संप्रेरकं चारून माद्यांनाही रंगवून विकणारे आहेत, तेव्हा कोवळा मासा फारच झळकत असेल तर सावध व्हा.

पाण्याच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. बोअरचं क्षाराचं जड पाणी मलावीच्या माशांना मानवतं, त्यांना पीएच ७.८ ते ८.६ लागतो. अडचण एप्रिल-मेची. बाहेर पारा चाळिशीपार गेला की टाकीतलं पाणीही तापतं आणि त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. हवेचा पंप रात्रीही बंद करू नका, आणि अंडी तोंडात असलेल्या मादीला या दिवसांत हलवू नका. ती घाबरली की अंडी थुंकते किंवा गिळते.

मलावीच्या माशांत एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा, म्हणजे त्याचा जाच सगळ्यांत विभागला जातो. मादी सुमारे तीन आठवडे अंडी आणि पिल्लं तोंडात बाळगते, बहुतेक उपाशीच राहते. गाल फुगलेले आणि खाणं बंद, ही तिची खूण. पिल्लं बाहेर पडली की तिला दोन-चार दिवस वेगळं ठेवून भरपूर खाऊ घाला. पिल्लांना आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची नुकतीच उबवलेली अळी किंवा बारीक चुरलेलं कोरडं खाद्य चालतं, पण दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं.