शर्टाची निगा : धुलाई, इस्त्री आणि साठवण

कचेरीत, न्यायालयात, समारंभात किंवा गणवेशाचा भाग म्हणून घालण्याच्या कॉलरच्या शर्टाची धुण्यापासून कपाटात ठेवण्यापर्यंत घ्यावयाची काळजी. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, जिल्हा न्यायालय, त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमी आणि देवळालीची तोफखाना शाळा यांमुळे नाशिकमध्ये कडक इस्त्रीच्या शर्टाला रोजची मागणी असते. लोकांच्या नजरेत इस्त्री भरत असली, तरी शर्टाचे आयुष्य ठरते ते इस्त्रीच्या आधी. कारण धुताना कापडात राहून गेलेला मळ इस्त्रीच्या उष्णतेने पक्का बसतो आणि मग तो सहजासहजी निघत नाही.

बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या परीट समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. भट्टी लावणे, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे वाफेवर ठेवणे, ही पांढऱ्या सुती कपड्यांसाठीची त्यांची मुख्य पद्धत होती. कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी कापडाच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत. ही खूण धुऊन जात नसे, मात्र बिब्बा त्वचेला झोंबणारा असल्याने काहींना त्या जागी पुरळ उठे. परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) नावाची धर्मशाळा आणि पूल गोदाकाठी आहेत. गोदावरीच्या पात्रात कपडे धुण्यास आता मनाई असून हे काम घरोघरच्या यंत्रांत आणि लाँड्रीच्या दुकानांत होते. नदीच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे.

शर्टात सर्वांत आधी खराब होतात त्या कॉलर, कफ आणि काखा. मानेच्या त्वचेतील तेल आणि मृत पेशी कॉलरच्या घडीवर साचतात. तेल हवेने पिवळे पडते आणि त्यावर धूळ चिकटून काळी रेघ तयार होते. पॉलिएस्टरचा धागा तेल धरून ठेवतो, त्यामुळे टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाच्या, शर्टाची कॉलर सुती शर्टापेक्षा अधिक चिवटपणे मळते. यावर उपाय म्हणजे शर्ट यंत्रात टाकण्यापूर्वी कॉलर व कफ ओले करून त्यांवर पातळ डिटर्जंट लावणे, पंधरा-वीस मिनिटे ठेवणे आणि मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने हलके चोळणे. कडक ब्रशने किंवा दगडावर घासल्यास मळ निघतो खरा, पण घडीवरचे धागे तुटून कॉलर विरते. काखेतील पिवळे डाग बहुधा घाम आणि घामरोधकातील ॲल्युमिनियमचे क्षार यांच्या संयोगाने पडतात. रक्ताचा डाग गरम पाण्यात कधीही टाकू नये, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने गोठून धाग्याला चिकटतात.

धुण्यापूर्वी खिसे तपासावेत, कॉलर उभी करावी, त्यातील सुट्या पट्ट्या असल्यास काढाव्यात आणि कफाची बटणे सोडावीत. रंगीत शर्ट उलटा करावा. रंगीत शर्टाला ३० ते ४० अंश सेल्सिअसचे पाणी पुरते, तर पांढऱ्या सुती शर्टाला लेबलावर परवानगी असल्यास ६० अंशांपर्यंतचे चालते. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चोथा कापडावर बसतो आणि पांढरा शर्ट करडा दिसू लागतो. अशा पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट बरा. क्लोरीनयुक्त ब्लीचने सुती धागा कमकुवत होतो व ताणणारा इलॅस्टेन खराब होतो. पांढरेपणासाठी ऑक्सिजनवर आधारलेले ब्लीच अधिक सुरक्षित असते. निळीने मळ निघत नाही. ती पिवळी छटा झाकते, म्हणून ती शेवटच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून मगच शर्ट बुडवावा, अन्यथा निळे डाग पडतात.

शर्ट पिळण्यापेक्षा झटकून, खांद्याला नीट बसणाऱ्या हँगरवर, वरचे बटण लावून वाळत घालावा. नाशिकच्या उन्हाळ्यातील कोरड्या, कडक उन्हात पांढरा सुती शर्ट लवकर वाळतो, पण रंगीत शर्ट त्याच उन्हात विटतो. त्याला सावली आणि वारा पुरेसा आहे. खळ करायची असल्यास ती तांदळाच्या पेजेची, साबुदाण्याची किंवा आरारूटची, गाळून आणि पातळ करावी. गणवेशाच्या शर्टाला ती शोभते. रोजच्या कचेरीच्या शर्टाला कॉलर व कफापुरती पुरे.

सुती कापडातील सेल्युलोजच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि कापड वाळताना ज्या स्थितीत असते त्या स्थितीत पुन्हा जुळतात. सुरकुती पडण्याचे कारण हेच आहे आणि ओलसर शर्टावर इस्त्री उत्तम बसण्याचे कारणही हेच. म्हणून शर्ट पूर्ण खडखडीत वाळू देऊ नये. वाळलाच तर पाणी शिंपडून, गुंडाळून थोडा वेळ ठेवावा. लेबलावरील इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका म्हणजे सुमारे ११०, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअस. कोळशाच्या इस्त्रीला तापमानाचा खटका नसतो. अनुभवी इस्त्रीवाला पाण्याचा थेंब टाकून, चिंधीवर फिरवून अंदाज घेतो. तिच्या वजनाने सुती शर्टाला येणारी घडी विजेच्या हलक्या इस्त्रीने येत नाही, पण कृत्रिम धाग्याच्या शर्टासाठी ती धोक्याची आहे. शिवाय जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे ती बंद खोलीत वापरू नये.

इस्त्रीला सुरुवात कॉलरच्या आतल्या बाजूने करावी आणि टोकांकडून मध्याकडे जावे. मध्यापासून टोकाकडे गेल्यास कापड पुढे सरकून टोकाला चुणी पडते. त्यानंतर खांद्याची पट्टी, कफ, बाह्या, काजपट्टी, बटणांच्या मधला भाग आणि शेवटी पाठ. आधी पाठ केली तर बाह्या करताना ती पुन्हा चुरगळते. कॉलरच्या आतील चिकटवलेल्या बकरमला, म्हणजे ताठपणा देणाऱ्या अस्तराला, जास्त उष्णता लागली की तो आकसतो आणि वरचे कापड फुगल्यासारखे दिसते. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही. गडद रंगाच्या शर्टावर उलट्या बाजूने किंवा वर पातळ कापड ठेवून इस्त्री केल्यास चकाकी येत नाही.

इस्त्रीनंतर शर्ट लगेच कपाटात ठेवू नये. त्यातील वाफ निघून जाण्यासाठी तो थोडा वेळ बाहेर टांगावा. रोज वापरायचे शर्ट हँगरवर आणि क्वचित लागणारे परीटघडी घालून ठेवावेत; घडी अधूनमधून बदलावी, कारण एकाच रेषेवर कापड विरते. आषाढ-श्रावणात गोदाकाठच्या जुन्या वाड्यांच्या भिंती ओल धरतात, अशा भिंतीला लागून असलेल्या कपाटात कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके हमखास येतात. लाँड्रीतून आलेली प्लॅस्टिकची पिशवी तेव्हा काढून टाकावी, ती ओलावा आतच कोंडते. खळ केलेले शर्ट पावसाळाभर साठवू नयेत. कसर पिष्टमय पदार्थ खाते आणि त्यासोबत कापडालाही भोके पाडते. वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवण्याची घरगुती पद्धत निरुपद्रवी आहे. डांबरगोळ्या वापरल्यास शर्ट घालण्यापूर्वी उन्हात-वाऱ्यावर चांगला टाकावा आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांत त्या मुळीच ठेवू नयेत, कारण जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी या गोळ्यांतील नॅप्थलीनने फुटू शकतात.