मेंदूतील गाठीतून वाचलेली मुले आणि नागपूरच्या दोन मापनश्रेणी

मेंदूतील गाठीवर उपचार झालेल्या मुलाची बौद्धिक चाचणी भारतात घेतली जाते तेव्हा मानसशास्त्रज्ञाच्या हाती अनेकदा मालिन श्रेणी असते. वेक्सलर यांच्या अमेरिकी चाचणीचे हे भारतीय रूप नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी तयार केले व ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे त्यांनीच केलेले रूपांतर तर देशभर ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखले जाते. या मुलांचे असे मोजमाप व्हावे, हा विचार मात्र उशिरा रुजला.

अमेरिकी शल्यविशारद कुशिंग आणि बेली यांनी १९२५ मध्ये मेड्युलोब्लास्टोमाचे, म्हणजे लहान मुलांत आढळणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागातील कर्करोगी गाठीचे, वर्णन केले, तेव्हा ही गाठ झालेले मूल क्वचितच वाचत असे. संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूवर किरणोपचार दिल्यास मुले अधिक काळ जगतात, हे १९५३ मध्ये मँचेस्टरच्या पॅटरसन आणि फार यांनी दाखवले. त्यानंतर बराच काळ मुख्य हिशेब राहिला तो किती मुले पाच वर्षे जगली याचाच.

पुढे लक्षात आले की या मुलांचा बुद्ध्यंक वर्षानुवर्षे घसरत जातो. मूल शिकलेले विसरते, असा त्याचा अर्थ बहुधा नसतो, आणि पालकांना हे समजावून सांगणे फार आवश्यक आहे. बुद्ध्यंक समवयस्कांच्या तुलनेत ठरतो. किरणांमुळे श्वेतद्रव्याला, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंना, इजा झाल्याने विचारांचा वेग, अवधान आणि कार्यकारी स्मृती (हातातल्या कामापुरती माहिती ध्यानात धरण्याची क्षमता) मंदावतात, नवे शिकणे संथ होते, आणि मूल पुढे सरकत असूनही वर्गाशी त्याचे अंतर वाढत राहते. म्हणूनच उपचारानंतर लगेच घेतलेली एकच चाचणी फसवी ठरते.

या जाणिवेतून तीन वर्षांखालील मुलांत किरणोपचार टाळण्याचे किंवा लांबवण्याचे प्रयत्न झाले, आणि कमी जोखमीच्या मेड्युलोब्लास्टोमात केमोथेरपीची जोड देऊन मेंदू व मज्जारज्जूवरील किरणांची मात्रा ३६ ग्रेवरून (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) २३.४ ग्रेवर आली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०० तरुण रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठीपुरते नेमके किरण दिल्यास बुद्ध्यंक अधिक चांगला टिकतो, असे आढळले.

नोकरी, विवाह, स्वतंत्र राहणे यांत ही मुले भावंडांच्या मागे पडतात, हे पाश्चात्त्य देशांतील दीर्घ पाठपुराव्यातून दिसले आहे. नागपूरच्या दोन्ही श्रेणी मात्र वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास संपतात.