मूल बालगृहात आहे, घरी आणायचंय: अर्ज, कागदपत्रं आणि घराला मिळणारं अनुदान

कल्याण, दादर, पुणे, नागपूर. यांपैकी एखाद्या स्टेशनवर एकटं हिंडणारं पोर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला दिसतं. किंवा सिग्नलवर फुगे विकणाऱ्या कुटुंबातली दोन पोरं एखाद्या मोहिमेत गाडीत बसवून नेली जातात. मग कधी त्याच संध्याकाळी, कधी आठवड्याने, आईच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फोनवर निरोप येतो: तुमचं मूल बालगृहात आहे, कागदपत्रं घेऊन या.

कोणती कागदपत्रं, कुणाकडे, आणि ज्या गरिबीपायी मूल बाहेर पडलं तिचं पुढे काय, हे फोनवर कुणी सांगत नाही. महाराष्ट्रातल्या अशा पालकांसाठी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या ताई-दादांसाठी हे लिहितो आहे. यातलं एकच लक्षात राहिलं तरी चालेल: मुलाचा ताबा मागण्याचा अर्ज आणि घराला अनुदान मिळण्याचा अर्ज एकाच वेळी द्या. बहुतेक जण पहिला देतात, मूल घेऊन गावी जातात आणि असं काही अनुदान असतं हे त्यांना वर्षभराने अंगणवाडी ताईकडून कळतं.

ताबा कुणाकडे असतो

बालगृहाच्या गेटवर अधीक्षकांशी हुज्जत घालून उपयोग नाही. मूल सोडण्याचा अधिकार त्यांना नसतो. तो असतो जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. सापडलेलं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत समितीपुढे हजर करावं लागतं. पुढे ते बालगृहात राहतं ते समितीच्या आदेशाने. समितीने महिन्यातून किमान 20 दिवस बसावं असं कायदा सांगतो. तरीही निघण्याआधी बैठकीचा वार आणि वेळ विचारून घ्या. सोलापूरहून मुंबई गाठायची आणि ‘आज बैठक नाही’ ऐकून परतायचं, यात दोन दिवसांची मजुरी जाते.

मुंबईत डोंगरी भागात मुलांचं निरीक्षणगृह आहे, म्हणून अजूनही ‘पोराला डोंगरीला टाकलं’ असं म्हणतात आणि ऐकणारा जेल समजतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं आणि त्यांचा निर्णय बाल न्याय मंडळ करतं. हरवलेली, पळालेली, रस्त्यावर राहणारी, भीक मागताना सापडलेली मुलं ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालकं’ या सदरात येतात. त्यांच्यावर कसलाही खटला नसतो. समितीपुढचं कामकाज हा तुमच्यावरचा खटलाही नसतो. त्यामुळे वकील लागतच नाही. हवाच असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला आणि मुलांना तो फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन 15100.

ताब्यासाठी काय न्यायचं

साध्या कागदावर समितीच्या अध्यक्षांच्या नावे अर्ज पुरतो. मुलाचं नाव, वय, ते कधी आणि कसं घराबाहेर पडलं, घरी कोण कोण आहे, आणि आम्ही त्याला घेऊन जाऊ इच्छितो. एवढंच, पण खरं. सोबत आई-वडिलांचं आणि असेल तर मुलाचं आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, सगळ्यांचे पासपोर्ट फोटो. पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली असेल तर तिची प्रत नक्की न्या. तुम्ही शोधत होता याचा तो सगळ्यात बळकट पुरावा. मूल हरवलं तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘दोन दिवस वाट बघा’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच ठेवा. झेरॉक्सचं दुकान कार्यालयाच्या जवळ असतंच असं नाही.

शक्यतो आई-वडील दोघांनी जावं. एकच पालक असेल तर दुसऱ्याचा मृत्यूदाखला, घटस्फोटाचा कागद किंवा नुसतंच सोडून गेला असेल तर तसं लिहून द्यायचं. आजी, मामा, काका घ्यायला जाणार असतील तर आई-वडील कुठे आहेत आणि त्यांची संमती आहे का, हे पहिल्यांदा विचारतात.

खरी अडचण फूटपाथवरच्या कुटुंबांची. पत्ताच नाही, तर पुरावा कशाचा? अशा वेळी हाताला येईल तो कागद पिशवीत घाला: सरकारी दवाखान्याचं माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, बाळंतपणाचा डिस्चार्ज कागद, पालिका शाळेचा दाखला, लग्नातला सगळ्यांचा एखादा फोटो. समितीला दोन गोष्टींची खात्री हवी असते: मूल तुमचंच आहे आणि ते तुमच्याकडे सुरक्षित राहील. मूल स्वतः आईला पाहून काय करतं, काय बोलतं, हेही त्या खोलीत मोजलं जातं. उलटंही घडलेलं आहे: नाव-गाव सांगता न येणाऱ्या मुलांना संस्थेने आधार काढायला नेलं, बोटांचे ठसे आधीच्या नोंदीशी जुळले आणि घर सापडलं. नागपूरच्या मानकापूर आधार केंद्रातून अशी काही मुलं घरी पोचली आहेत.

गृहभेट: इथेच बहुतेक जण घाबरतात

समिती परिवीक्षा अधिकारी किंवा समाजसेवकाला घरी पाठवून सामाजिक तपासणी अहवाल मागवते. कार्यालयात त्यालाच गृहचौकशी अहवाल म्हणतात. तो 15 दिवसांत यावा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, अशी कायद्यातली मुदत आहे. कागद जुळले आणि घरात धोका दिसला नाही तर निकाल बराच आधी लागतो.

भेटीला येणारी व्यक्ती घर किती मोठं आहे हे बघायला आलेली नसते. तरी पाहुणे आल्यासारखी आवराआवर होते, उसनी खुर्ची येते आणि सगळं छान असल्याचं सांगितलं जातं. मग मूल पळालं का, याचं उत्तर अहवालात कोरंच राहतं आणि समितीचा संशय वाढतो. बाप दारू पिऊन मारतो, तर ते सांगा आणि त्यावर काय करणार तेही सांगा. आई धुण्याभांड्याला गेल्यावर पोर दिवसभर एकटं असतं, तर तेही. गरीब आहात म्हणून मूल अडकवून ठेवायचं, असं या कायद्यात नाही. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, ही त्याची मूळ तत्त्वं. मारहाण किंवा लैंगिक छळ दिसला तर मात्र समिती मूल देत नाही, आणि देऊही नये. मुलाला वेगळं बसवून त्याचं म्हणणंही ऐकलं जातं.

समिती मूल ताब्यात देताना हमीपत्र घेते: शाळेत पाठवू, कामाला लावणार नाही, बोलावल्यावर हजर करू. आदेश ‘देखरेखीसह’ असेल तर पुढेही कुणीतरी घरी येऊन जाईल. आदेशाची प्रत मागून घ्या आणि जपा. पुढे ती लागणार आहे.

एक कागद मात्र वाचल्याशिवाय अंगठा लावायचा नाही. ‘मला मूल सांभाळणं जमत नाही’ असं लिहून देणारं समर्पणपत्र. मूल वर्षभर संस्थेत शिकावं एवढंच मनात असेल तर हा तो कागद नव्हे. तो झाल्यावर पालकांना फेरविचाराला दोन महिने मिळतात आणि त्यानंतर मूल दत्तक देण्यासाठी मोकळं ठरू शकतं. माझ्या ओळखीच्या एका बाईने ‘होस्टेलचा फॉर्म’ म्हणून अशी सही करायची तयारी केली होती. सोबत आलेल्या भाचीला वाचता येत होतं म्हणून हात थांबला.

आता पैशांचं

दोन योजना आहेत आणि एका मुलासाठी त्यांतली एकच घेता येते.

पहिली, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व. एका मुलामागे महिन्याला 4,000 रुपये, थेट बँक खात्यात. आई विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेली असेल, मूल अनाथ असून नातेवाइकांकडे राहत असेल, आई-वडिलांना जिवावरचा आजार असेल किंवा अपघाताने ते कमवायच्या लायक राहिले नसतील, तर मूल पात्र. बेघर, पळालेली, रस्त्यावरची, भीक मागणारी, कामाला जुंपलेली मुलंही यात येतात, म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय नेमकी तीच. संस्थेतलं मूल घरी परत जाताना द्यायचा ‘पुनर्वसनात्मक’ प्रकार यात वेगळा ठेवलेला आहे. समितीला अंतिम आदेशातच प्रायोजकत्वाचा आदेश करता येतो, म्हणून ताब्याच्या अर्जात शेवटी एक ओळ घाला: ‘मुलाच्या शिक्षण व संगोपनासाठी प्रायोजकत्व मिळावं, ही विनंती.’

उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये. गणित करून पाहा: 300 रुपये रोजाने महिन्यात 20 दिवस भरले की गावातली मर्यादा गाठली. म्हणजे रोजंदारीवरचं धडधाकट कुटुंबही कागदावर बाहेर पडू शकतं. मर्यादा बदलायला हवी असं माझं मत, पण आज ती ही आहे.

दुसरी, राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. 2023 पासून तिची रक्कम एका मुलामागे महिन्याला 1,100 वरून 2,250 रुपये झाली. काम पाहणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला प्रत्येक मुलामागे 250 रुपये वेगळे मिळतात. ते तुमच्या पैशांतून जात नाहीत आणि कुणी तसं कापून घेत असेल तर ती चोरी आहे. अनाथ, एकपालक, दुर्धर आजार, तुरुंगातले पालक, कौटुंबिक कलह अशी घरं यात बसतात.

दोन्हींसाठी अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात. शुल्क नाही. ताब्याच्या वेळचे कागद, समितीच्या आदेशाची प्रत, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, चालू वर्षाचा बोनाफाईड, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि लागू असेल तसा मृत्यूदाखला किंवा आजाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र. बाल संगोपनासाठी घरासमोर पालक आणि मूल उभे असलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटोही मागतात. स्टुडिओतला चालत नाही, घर दिसलं पाहिजे.

प्रकरणं अडतात ती बहुधा फुटकळ गोष्टींवर. आधारवर ‘गणेश’, शाळेत ‘गणपत’. खातं आधारशी जोडलेलं नाही, किंवा व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चअखेरीला संपलेली. हे तिन्ही आधी तपासा आणि अर्ज दिल्याची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या. मंजुरीनंतरही शाळेतली हजेरी पाहिली जाते, आणि मूल पुन्हा संस्थेत गेलं तर अनुदान थांबतं.

मूल परराज्यात सापडलं असेल, समजा जळगावचा मुलगा सुरतेत, तर तिथली समिती त्याला तुमच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवू शकते. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस हवी. भाड्याचे पैसे नसलेल्या पालकांनी आपल्याच जिल्ह्याच्या समितीपुढे जाऊन तशी विनंती करावी.

समितीचा आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील. प्रायोजकत्वाबद्दलच्या निर्णयावरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. समितीच्या कारभाराची तक्रारही त्यांच्याचकडे करता येते, लेखी.

मूल सापडल्याचं कळलं की व्हॉट्सअॅपवरचा त्याचा ‘हरवला आहे’ फोटो पुढे पाठवणं तिथेच थांबवा, ग्रुपमधल्यांनाही सांगा. समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड करणं कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि पोरगं सतरा-साडेसतराचं असेल, घरी परतण्यासारखं घरच उरलं नसेल, तर अठरा पूर्ण व्हायच्या आधीच अधीक्षकांकडे अनुरक्षणाचा, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीचा, विषय काढा. 21 वर्षांपर्यंत, आणि खास परिस्थितीत 23 पर्यंत, राहण्याची आणि शिकण्या-कमावण्याची मदत मिळू शकते.