जपानच्या बर्फातलं जुनं शेतघर घ्यायचंय? आधी हे कागद बघा

निगाता, नागानोकडची जुनी लाकडी शेतघरं, त्यांना कोमिन्का म्हणतात, जाड तुळया, मधोमध जमिनीत चूल आणि आतून आता नवीन किचन-बाथरूम करून दिलेली, ती बघून बरेच जण विचारतात की आपल्याला घेता येतं का. येतं. जमीन आणि घर दोन्ही परदेशी माणसाच्या नावावर पूर्ण मालकीने होतं, तिथे राहत असायची अटही नाही. पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, राहायचं तर व्हिसावर जेवढे दिवस तेवढेच.

खरी अडचण शेतजमिनीची. अशा घरासोबत बऱ्याचदा भातखाचर किंवा परसातला मळा येतो, आणि त्याची नोंद शेती म्हणून असली तर गावच्या शेती समितीची परवानगी लागते, जसं आपल्याकडे शेतकरी दाखल्याशिवाय शेतजमीन नावावर होत नाही तसंच थोडं. त्यामुळे नोंदणीचा उतारा मागवून प्रत्येक तुकड्याचा प्रकार बघा, घराखालची जमीन 'ताकुची' म्हणजे निवासी हवी.

करार करण्याआधी लायसनवाला एजंट 'महत्त्वाच्या बाबी' वाचून समजावून सांगतो, हा कायदाच आहे, जपानी येत नसेल तर दुभाषा घेऊनच बसा आणि घाईत सही करू नका. एजंटची फी 40 लाख येनच्या वरच्या घराला जास्तीत जास्त 3 टक्के अधिक 60 हजार येन अधिक टॅक्स, आणि 80 लाखांपर्यंतच्या स्वस्त घरांना 2024 पासून टॅक्ससकट 3 लाख 30 हजारांपर्यंत घेता येते.

नावावर करायचं काम 'शिहो शोशी', म्हणजे नोंदणीचे कागद करणारे लायसनवाले कायदेतज्ज्ञ, करतात. तिथल्या रहिवाशाला पत्त्याचा दाखला लागतो, आपल्याकडे तो नसतो म्हणून पासपोर्टची प्रत आणि नाव-पत्त्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, त्याचं जपानी भाषांतर, आणि एप्रिल 2024 पासून रोमन लिपीतलं नाव आणि जपानमधल्या संपर्काची माहितीही द्यावी लागते. शिवाय 20 दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत सरकारला खरेदीचा रिपोर्ट, आणि दरवर्षीचा मालमत्ता कर भरायला जपानमधला टॅक्स प्रतिनिधी नेमावा लागतो.

परदेशात राहणाऱ्याला तिथली बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणजे पैसे रोखच. भारतात राहणाऱ्यांना एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात, 10 लाख रुपयांच्या वर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर घेते, तो रिटर्नमध्ये ऍडजस्ट होतो, पण तेवढे पैसे अडकतात हे धरून चला. आणि रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, ते घर दाखवायचंच.

'रिनोव्हेटेड' शब्दावर मात्र जाऊ नका हो! भूकंपाचे कडक नियम जून 1981 मध्ये आले, घर त्याहून कितीतरी जुनं, तर पाया-खांब मजबूत केले का की नुसती भिंत रंगवली, त्याचे नकाशे आणि बिलं मागा. एप्रिल 2025 पासून दोन मजली लाकडी घराच्या मोठ्या दुरुस्तीलाही बांधकाम परवानगी लागते, काम त्यानंतरचं असेल तर तो कागद मागाच. निगाताच्या तोकामाची भागात ताकेदोकोरो या वस्तीत कार्ल बेंग्स नावाच्या जर्मन वास्तुविशारदाने 1993 पासून अशी घरं नीट उभी केली, चांगली दुरुस्ती कशी दिसते ते तिथे कळतं.

आणि फेब्रुवारीत एकदा जाऊन बघाच. छपरावरचा बर्फ कोण काढणार, दारापर्यंतचा रस्ता नगरपालिका साफ करते की आपण, हे शेजाऱ्यालाच विचारा, कारण बंद घरावर हिवाळाभर बर्फ साचला की त्या वजनाने छप्पर बसतं.