रिव्हेट नाही, पत्रा फाटतो

28 एप्रिल 1988 ला हवाईमधल्या हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग 737 विमान 24 हजार फुटांवर पोचलं आणि पुढच्या भागाचं तब्बल 18 फूट लांबीचं छप्पर एका झटक्यात उडालं. उभी असलेली एक एअर होस्टेस बाहेर फेकली गेली, ती कधीच सापडली नाही. बाकीचे 94 जण मात्र वाचले, कारण पायलटांनी तसंच उघडं विमान वाटेतल्या माउई बेटावर उतरवलं, खरंच कमाल आहे त्यांची.

असं ऐकलं की वाटतं रिव्हेट, म्हणजे बॉडीचे पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, तुटले असतील. पण पातळ पत्र्यात बहुतेक वेळा रिव्हेट शाबूत राहतो आणि फाटतो तो रिव्हेटच्या दोन भोकांमधला पत्रा. भोकाच्या कडेला ताण आजूबाजूपेक्षा साधारण तिप्पट असतो, आणि इथे पत्रा होता जेमतेम 0.9 मिलिमीटर, त्यात रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोक वरून तिरकं कोरलेलं, म्हणजे खालची कड सुरीच्या धारेसारखी झालेली. खरं तर दोन पत्र्यांच्या जोडाचा भार त्यांना चिकटवणाऱ्या गोंदाने घ्यायचा होता पण दमट खाऱ्या हवेत गोंद सुटला आणि सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला. त्यात विमान बेटांमधल्या छोट्या फेऱ्यांचं, 89,680 उड्डाणं झालेली, आणि प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने बॉडी एकदा फुगते, उतरल्यावर परत बसते.

एकच मोठी चीर असती तर आतल्या पट्ट्यांनी ती वळवली असती, छोटं झाकण उघडल्यासारखं होऊन हवा निघून गेली असती, डिझाइनच तसं होतं. पण इथे ओळीतल्या कितीतरी भोकांना बारीक चिरा होत्या. पोस्टाच्या तिकिटांचा कागद कसा भोकांच्या रेषेत टरकतो, तसंच. एक जागा गेली की तिचा भार लगेच शेजारच्या जागेवर पडतो, ती आधीच अर्धी चिरलेली, मग ती जाते, मग पुढची, आणि हे इतक्या वेगाने होतं की भार दुसरीकडे वाटला जायला वेळच मिळत नाही.

पक्षी आदळला तरी साधारण असंच, पत्रा आत दबतो, सगळी ओढ कडेच्या रिव्हेटच्या ओळीवर येते आणि तिथूनच फाटतो, नाहीतर रिव्हेटचं डोकं भोकातून ओढून निघतं.

त्या दिवशी विमानात चढताना एका पॅसेंजर बाईंना दरवाज्याजवळ रिव्हेटच्या ओळीत लांब चीर दिसली होती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.